डोक्याला बांधायची बॅटरी

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची दोन दुष्काळात गेली होती. गावोगावच्या विहिरींचं पाणी मोजणं हे पंचशीलाचं सरकारी काम. पाणी खाली गेलं, तसं तिलाही विहिरीत उतरावं लागे. भरदुपारीही तळाशी अंधार असे. हातांनी लोखंडी कड्या धरलेल्या, म्हणून ती बॅटरी दातांत धरायची. शेवटी जबडा दुखून आला, तेव्हा ती भुजंगकाकांच्या दुकानात डोक्याला बांधायची बॅटरी बघायला गेली.

काकांनी सगळ्यात मोठी पुढं केली. "ही न्या. लई लांब उजेड पडतो."

पंचशीलानं ती बांधून मान खाली घातली. बॅटरी घसरून नाकावर आली. मग तिनं छोटी बांधली, वाकून पाहिलं, दोन उड्याही मारल्या. ती जागची हलली नाही. वजन तर जाणवतच नव्हतं.

"पण हिच्यात तळ दिसंल का?"

"मागं आमची हीर हाय. कोरडीच हाय, बघा उतरून."

ती उतरली. मान वळेल तिकडं उजेड वळत होता.

"काय दिसायलंय?" काकांनी वरून विचारलं.

"कपारीत बेडूक हाय, काका. आन् त्याच्याखालचा दगड ओला हाय!"

काकांना राहवेना. ती वर येताच त्यांनी बॅटरी स्वतःच्या डोक्याला बांधली आणि साठाव्या वर्षी धोतर खोचून ते विहिरीत उतरले.

"काका, मला हीच द्या," पंचशीला काठावरून म्हणाली.

"देतो वो," खालून आवाज आला, "पण आधी मला बघू तर द्या!"