बारा बोर आणि दोन बाबा

दोन हजार चोवीस साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. एप्रिल महिना होता आणि मी लंडनला हॅरोच्या घरात खिडकीपाशी बसून बाहेरच्या कबुतरांवर चिडत होतो. तेवढ्यात रीडिंगहून पोराचा फोन आला. आईशी बोलला, ठेवून दिला. हिनं स्वयंपाकघरातूनच मला ओरडून सांगितलं, "अहो, शनिवारी बाबांबरोबर बंदूक बघायला जायचंय म्हणतोय."

मला काय आनंद झाला ते लिहून सांगता येणार नाही. लिहिणं हे माझं कामच नाही. मी चौथी शिकलो आणि बस गॅरेजात आयुष्य काढलं. पण बंदूक मला कळते. कोकणात घाटाखाली आमचं गाव. माझ्या बापाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी होती, बारा बोरची. रात्रीची डुकरं नाचणीत शिरायची, तेव्हा बाप मला बरोबर न्यायचा. मिसरूड फुटायच्या आत मी डुक्कर पाडलेला माणूस आहे. पोरगा इथं जन्मला, कॉम्प्युटरवर मोठा झाला. त्यातलं मला काही विचारायची सोय नव्हती आणि त्यानं कधी विचारलंही नाही. आता दोन वर्षं तो रानात मातीच्या चकत्या उडवून फोडायला जात होता, उसन्या बंदुकीनं. एका शेतकऱ्याशी ओळख झाली, तो म्हणाला, दर वसंतात माझा वाटाणा उगवला की रानपारवे फडशा पाडतात, ये आणि मार. मग पोलीस घर बघून गेले, भिंतीत लोखंडी कपाट ठोकलं, सर्टिफिकेट आलं. राहिली होती बंदूक. आणि बंदुकीसाठी त्याला बाप आठवला.

शनिवारी दाढी केली, लग्नातला कोट चढवला, दोन गाड्या बदलून रीडिंगला उतरलो. त्याला कशाला स्टेशनवर बोलवायचं, म्हणून चालतच गेलो. घरासमोर पोरगा गाडी काढून उभा. मला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"बाबा? तुम्ही कसा आला?"

पुढच्या सीटवर आमचे व्याही बसले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सूनबाई तिच्या वडिलांना बाबा म्हणते. लग्नानंतर पोरगाही म्हणायला लागला. मी एकदा हिच्याकडे कुरकुर केली होती, तर ही म्हणाली, "जावयानं सासऱ्याला बाबा म्हणू नये तर काय मिस्टर म्हणावं?" ते मला काही गिळलं गेलं नाही. आणि आता ही अशी वेळ. ज्या बाबांबरोबर जायचं होतं ते बाबा मी नव्हतो.

"सहज आलो," मी म्हणालो. "हवा चांगली होती."

हवा कसली, भुरभुर पाऊस होता.

व्याही उतरले, हात जोडले. "या या, व्याहीबुवा! पुढे बसा. आपण वरपक्ष."

"नाही नाही, तुम्ही बसलायत ना, बसा."

ते बसले. मी मागे नातवाच्या बाळखुर्चीशेजारी, गुडघे छातीशी घेऊन.

आता व्याह्यांबद्दल सांगतो. ते हाडांचे डॉक्टर. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात जन्म काढून रिटायर झालेले. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांचा भाऊ अमेरिकेत असतो, तिथं वसंतात टर्की पक्ष्याची शिकार चालते. हे दोनदा जाऊन आले आणि तेव्हापासून टर्कीशिवाय दुसरा विषय नाही. झाडाला पाठ लावून कसं बसायचं, लाकडी डबी घासून मादीचा आवाज कसा काढायचा, नर पिसारा फुलवून कसा झुलत झुलत येतो. रीडिंगपासून दुकानापर्यंत टर्कीच चालली होती. आमच्याकडे टर्की डिसेंबरात फ्रीजरमध्ये मिळते. असं मी म्हणालो. पोरगा हसला नाही, रस्ता बघत होता.

दुकान गावाबाहेर होतं, धान्याच्या जुन्या कोठारात. आत तेलाचा आणि लाकडाचा वास. तो वास आला आणि मला माझा बाप दिसला, पडवीत बसून नळीत चिंधी घालणारा. मी सरळ भिंतीशी गेलो. तिथं एक जुनी दुनळी होती, बाजूबाजूला नळ्या, दस्ता अक्रोडाचा, लोखंडावर पानाफुलांची नक्षी. दुकानदारानं नळ्या खाली वाकवून, रिकामी दाखवून माझ्या हातात दिली. खांद्याला लावली तर जशी काही घरचीच.

"ही घे," मी पोराला म्हणालो. "दुसरं काही बघू नकोस."

दुकानदारानं मान हलवली. ही बंदूक फार छान आहे, म्हणाला, पण शिशाचे छर्रे आता बंद व्हायला लागलेत, पोलादी छर्रे घालावे लागतील, आणि ते या जुन्या नळ्यांना सोसणार नाहीत.

"मी हेच सांगणार होतो," व्याही म्हणाले.

सांगणार होते तर आधी सांगायचं. मी दुनळी परत दिली. दुकानदार बरोबर होता, व्याहीही बरोबर होते, त्यानं माझा राग काही कमी झाला नाही.

मग व्याह्यांनी ताबा घेतला. नव्या तऱ्हेची, वरखाली नळ्यांची बंदूक त्यांनी मागवली, वीस बोरची, म्हणजे बारापेक्षा बारीक नळीची. पोराच्या मागे उभे राहिले. त्याच्या खांद्यावर बोटं ठेवली, मानेखालचं हाड चाचपलं, दंड वर उचलला, कोपर थोडं बाहेर काढलं. "इथं बसला पाहिजे दस्ता. या हाडावर नाही, या खळग्यात. कळलं का जावईबापू?"

हाडं त्यांनी आयुष्यभर बघितली, बघोत बापडे. पण तो खांदा माझ्या पोराचा. त्याच्या लहानपणी मी त्याला त्याच खांद्याला धरून रस्ता ओलांडायला शिकवलं. आता एवढा मोठा झाल्यावर त्याच्या खांद्यावर हात टाकायचा तर कारण लागतं, आणि या माणसाला किती सहज कारण मिळालं होतं. मी काडतुसांच्या खोक्यांकडे बघत उभा राहिलो. त्यांच्यावर काय लिहिलं होतं कोण जाणे.

"वीस बोरच घ्या," व्याही म्हणत होते. "हलकी. खांद्याला दणका कमी. दिवसभर बसलात तरी हात भरून येणार नाही. तुम्ही कॉम्प्युटरवर बसणारे, मानेचा त्रास आधीच आहे."

"नको बाबा," पोरगा म्हणाला. "बाराच पाहिजे."

"अहो, पारव्यांना वीस पुष्कळ झाली. बाराचा हट्ट का?"

पोरगा लाजला. एवढा चाळिशीचा माणूस, कानापर्यंत लाल झाला.

"सिली आहे ते," तो म्हणाला. "लहान असताना बाबा मला रोज झोपताना सांगायचे, आजोबांकडे बारा बोरचा बंदूक होता. मला वाटायचं, बारा बोर म्हणजे ट्वेल्व्ह बोअर्स. बारा रानडुक्कर! एका बारात बारा डुक्कर पाडणारा बंदूक. शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं मी."

इंग्रजीत रानडुकराला बोर म्हणतात हे मला ठाऊक होतं. पण माझ्या बापाच्या एका नळीतून माझ्या पोरानं इतकी वर्षं बारा डुकरं पाडून ठेवली होती, हे मला त्या दिवशी त्या दुकानात कळलं. मी गोष्ट सांगायचो ती एका डुकराची. तेही आधी जखमी झालेलं.

'बाबा सांगायचे' असं तो म्हणाला, तेव्हा व्याह्यांनीही सवयीनं मान वर केली होती. पण डुकरं माझी होती. टर्की त्यांची आणि डुकरं माझी, यात घोटाळा होण्यासारखं काही नव्हतं. व्याह्यांनी मान खाली घातली आणि दुकानदाराला म्हणाले, "बारा दाखवा मग."

बारा बोर घेतली. वर-खाली नळ्यांची, व्याह्यांच्या पसंतीची, माझ्या आकड्याची. शिवाय लपणासाठी हिरव्या जाळ्या, त्या ताणायच्या काठ्या, खरे पारवे भुलून यावेत म्हणून शेतात मांडायचे प्लास्टिकचे पारवे. परत येताना जाळ्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर होतं आणि पुढे पुन्हा टर्की सुरू झाली होती. मी ऐकत नव्हतो.

मी एवढ्यावर घरी गेलो असतो तर सुखानं गेलो असतो. पण सूनबाई म्हणाली, राहा. मी हिला फोन करून कळवलं आणि राहिलो. पोरानं बंदूक कपाटात बंद केली. कपाटाची चावी कुठं ठेवतो ते घरात कोणाला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही, कायदाच तसा आहे. जेवताना व्याह्यांनी अमेरिकेहून आणलेलं टर्कीच्या शिकारीचं जाकीट काढून दाखवलं. पानापानांचं कापड, खिसेच खिसे, आणि मागं पट्ट्याला लटकणारी गादी, ओल्या जमिनीवर बूड भिजू नये म्हणून. सूनबाई हसून म्हणाली, "बाबा, शेपूट आहे का ते?" मी त्या शब्दाला आता मान वर करायची नाही असं ठरवलं होतं, तरी केली.

मग पोरगा म्हणाला, "उद्या सकाळी लपणात दोघांनाच बसता येतं. मी आणि अजून एक. बाबा, तुम्ही येणार?"

या वेळी तो माझ्याकडे बघून म्हणाला होता. अगदी माझ्याकडे.

मी म्हणालो, "नको रे. मी पुष्कळ बघितलंय."

आता कोणीही आपला माणूस सांगेल की हे 'नको' म्हणजे नकार नव्हे. पानात वाढणाऱ्यालाही आपण नकोच म्हणतो, तो म्हणतो असं कसं, एक तरी घ्या, आणि मग आपण घेतो. मी हात तसाच आडवा धरला होता, पानावर धरतात तसा. दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत होतो. पण पोरगा इथला. इथं नको म्हणजे नको, परत विचारणं म्हणजे बळजबरी.

"ओके," तो म्हणाला, आणि सासऱ्यांकडे वळला. "बाबा, मग तुम्ही?"

"चालेल की!" व्याही म्हणाले. हेही इथलेच झालेले. एकदाही नको म्हणाले नाहीत.

मी ताट उचलून नेलं. रात्रभर वरच्या खोलीत पडून होतो आणि शेजारच्या खोलीत व्याही घोरत होते, समाधानानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. मफलर गुंडाळला. बंदुकीच्या कपाटाची चावी गुप्त असली तरी गाडीची चावी दारामागच्या खुंटीवरच असते. खुर्चीवर टर्कीचं जाकीट होतं, त्याची ती गादी बटणांनी लावलेली होती, ती सोडवून घेतली. अंगणात दव होतं. गाडी उघडली, गादी पुढच्या सीटवर टाकली आणि वर बसलो.

थोड्या वेळानं पोरगा बंदुकीची पिशवी खांद्याला लावून आला. मागून चहाचा थर्मास घेऊन व्याही. दोघं काचेतून माझ्याकडे बघत राहिले. मी काच खाली केली.

"व्याहीबुवा," व्याही म्हणाले, "तुम्ही तर काल नको म्हणालात?"

"एकदाच म्हणालो," मी म्हटलं, आणि पट्टा लावून घेतला.