परवाचा कागद

लतिका खानोलकरांना मुंबईतल्या कुठल्याही बसमार्गाची लांबी विचारा, कागद न बघता सांगतील. बसकचेरीच्या नियोजन विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. सुरुवातीची काही वर्षं तर त्या स्वतः बसमध्ये बसून, वही मांडीवर ठेवून, थांब्यापासून थांब्यापर्यंतची अंतरं लिहून घ्यायच्या. राहायला प्रभादेवीला, सिद्धिविनायकाच्या मागच्या गल्लीत. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, लेक पुण्याला दिलेली. आता संसार म्हणाल तर कचेरीतलं लाल कापडी बांधणीचं मार्गरजिस्टर. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

आणि त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले असताना वैदेही आली.

शहरातल्या धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या काढून तीनशे वीजबस आणायच्या होत्या. त्यासाठी बँकेकडून कर्ज हवं होतं आणि बँकेपुढे मांडायचा प्रस्ताव लिहायला सल्लागार कंपनीने ही अठ्ठावीस वर्षांची पोरगी पाठवली होती. बरं, परगावची असती तर नावं तरी ठेवता आली असती. पण ही गिरगावात चाळीत वाढलेली, मराठी शाळेत शिकलेली. लतिकाबाईंच्या डब्यातली वालाची उसळ मागून खायची आणि वर म्हणायची, "लतिकाताई, आमच्या आईला शिकवा हो ही!" विभागप्रमुखांना ती सरळ "यशोधन" म्हणून हाक मारी आणि साहेबही खुशाल ओ देत. त्याच साहेबांच्या खोलीत शिरताना लतिकाबाई अजून पदर सारखा करत.

पण खरं दुखणं निराळंच होतं. अकरा वर्षांपूर्वी लतिकाबाईंनी स्वतः एक टिपणी लिहिली होती. गाड्या विजेच्या असाव्यात, त्या कंपनीने आणाव्यात, आपण फक्त धावलेल्या किलोमीटरमागे पैसे द्यावेत. नऊ पानं, स्वच्छ अक्षरात. फाइल तीन आठवड्यांनी परत आली, शेवटी एकच शेरा: निधी नाही, दप्तरी दाखल. आता तेच वैदेहीने पडद्यावर रंगीत बाण काढून दाखवलं तेव्हा यशोधन साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले, "ह्याला म्हणतात दूरदृष्टी!"

पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. लतिकाबाईंनीही टाळ्या वाजवल्या. पण आतून त्या इतक्या जळत होत्या, की त्या दुपारी त्यांना डबा गोड लागला नाही. त्या पोरीचे मोकळे केस, तिचं भरभर बोलणं, चूक झाली की "अय्या, सॉरी" म्हणून हसून सुटणं, सगळ्याचा त्यांना राग येई. आपण चुकलो असतो तर मेमो आला असता, हे त्यांच्या मनातून जात नसे.

बँकेची बैठक गुरुवारी होती. मंगळवारी दुपारी वैदेहीने प्रस्तावाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली.

"ताई, एकदा नजर घाला ना. संध्याकाळी छापायला जातंय. मार्गांचं तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही."

लतिकाबाईंनी चष्मा पुसला आणि चाळायला घेतलं. बाविसाव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

त्यांच्या विभागाची जुनी रीत होती: मार्गातला तात्पुरता बदल रजिस्टरात पेन्सिलीने लिहायचा. कायमचा झाला, की मग शाईने. प्रभादेवीचा पूल पाडायला घेतल्यापासून परळकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या टिळक पुलावरून नाहीतर करी रोडवरून वळसा घालत होत्या. तो वळसा लतिकाबाईंनी रजिस्टरात लिहिला होता, पण पेन्सिलीने, समासात. साहेबांच्या सांगण्यावरून वैदेहीने रजिस्टर स्कॅन केलं तेव्हा शाई उमटली आणि पेन्सिल उमटलीच नाही. म्हणजे सहा मार्गांवर प्रत्येक फेरीला दोन-सव्वादोन किलोमीटर कमी धरलेले. दिवसाला गाडीमागे तीस. एका चार्जिंगवर जी गाडी डेपोत परत यायची, ती संध्याकाळी भर परळ नाक्यावर उभी राहिली असती. चार्जर वाढवावे लागणार, खर्च वाढणार, मागितलेलं कर्ज अपुरं पडणार.

वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. "अगं, पूल विसरलीस."

समोर वैदेही केसांना क्लिप लावत उभी होती. यशोधन साहेब दारातून डोकावून म्हणाले, "काय लतिकाबाई, आहे की नाही हुशार आमची वैदेही?"

"छान आहे," लतिकाबाई म्हणाल्या आणि प्रत मिटून परत दिली.

घरी जाऊन मात्र त्यांनी चहाही न घेता कागद पुढ्यात ओढला. सहाही मार्गांचे बरोबर आकडे मांडले. चार्जर किती, जादा रक्कम किती, सगळं. कशासाठी? कुणाला द्यायला नव्हे. आपल्याला येतं आणि तिला येत नाही, हे एकदा डोळ्यांनी बघायला. कागदाखाली सवयीने सही केली, घडी घालून पर्समध्ये ठेवला. बुधवारी दोनदा तो उघडून वाचला. फार दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं. आपल्याला असं बरं वाटतंय याची लाजही वाटली, पण बरं वाटणं काही गेलं नाही.

गुरुवारी बैठकीत छापील प्रती वाटल्या गेल्या. पहिल्याच पानावर लतिकाबाईंची नजर खिळली. ठळक अक्षरात लिहिलं होतं: या प्रस्तावाचा पाया श्रीमती लतिका खानोलकर यांनी अकरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या टिपणीत आहे, मार्गांची सर्व माहिती त्यांचीच. पोरीने दप्तरातून ती फाइल हुडकून काढली होती. कुणाला न सांगता, बहुधा गंमत म्हणून.

बँकेच्या सरोजिनी मॅडम वयस्क होत्या, बोलायला सौम्य आणि नजरेने कडक. त्यांनी पान बावीस काढलं.

"आज सकाळी सिद्धिविनायक करून परळला एका कामासाठी गेले. पूल नाही, केवढा वळसा पडला! तुमच्या गाड्या कुठून जातात? इथे तर जुनंच अंतर दिसतंय."

 साहेबांनी लतिकाबाईंकडे पाहिलं, कारण पहिल्या पानावर नाव त्यांचं होतं.

तेवढ्यात वैदेही उभी राहिली. "चूक माझी आहे, मॅडम. ताईंचं रजिस्टर बरोबरच असणार. मी वाचण्यात चुकले."

सरोजिनी मॅडम मान हलवत म्हणाल्या, "असं कबूल करणारी माणसं कमी. पण आकड्यांशिवाय मी हे पुढे नेऊ शकत नाही. आज समितीत गेलं नाही, तर मग पुढचं आर्थिक वर्ष."

म्हणजे अपमान सोसूनही कौतुक तिचंच!  आणि पुढचं वर्ष म्हणजे आपण निवृत्त. टिपणी पुन्हा दप्तरी, तीनशे गाड्यांसकट. लतिकाबाईंचा हात पर्सकडे गेला, थांबला आणि शेवटी आत शिरला.

"सुधारलेले आकडे आहेत माझ्याकडे," त्यांनी कागद पुढे सरकवला.

सरोजिनी मॅडमनी तो दोनदा वाचला. "अगदी चोख काम आहे. चार्जरसुद्धा धरलेत. हे कधी केलंत तुम्ही?"

खोटं बोलता आलं असतं. पण सहीखाली तारीख होती. आयुष्यात एकही कागद त्यांनी बिनतारखेचा सोडला नव्हता.

"परवा," लतिकाबाई म्हणाल्या.

वैदेहीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. परवा दुपार तिला आठवली असणार, ते "छान आहे"सुद्धा. मग ती वही उघडून आकडे उतरवून घेऊ लागली.

कर्ज मंजूर झालं. सरोजिनी मॅडमनी लतिकाबाईंचा हात हातात घेतला, साहेबांनी पेढे मागवले. ज्या शब्दांसाठी त्या अकरा वर्षं तळमळल्या, ते सगळे त्या दिवशी त्यांच्या वाट्याला आले.

दुसऱ्या दिवशी लतिकाबाईंनी पहाटे उठून वाल सोलले, उसळ केली आणि दोन डबे भरले. जेवायच्या सुट्टीत मोठा डबा वैदेहीच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"थँक यू, खानोलकर मॅडम," ती नम्रपणे म्हणाली, "पण मी जेवून आलेय."

संध्याकाळी तो भरलेला डबा मांडीवर घेऊन लतिकाबाई बसने घरी गेल्या.