रिकामा रकाना

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्याला सगळे मौनीबाबा म्हणत. माणूस वाईट नव्हता; पण शब्द खर्चायचा म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं पेशंटच्या नोंदी शोधायचा प्रोग्राम लिहिला, तोही तसलाच घुमा. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, पेशंटचा नंबर द्यायचा, की एक ओळ उमटे: वय, वजन, रक्तगट, औषधाची ॲलर्जी. ॲलर्जी नसेल तर रकाना रिकामा. आणि ॲलर्जीचं कुणी विचारलंच नसेल, तरीही रिकामा!

"अहो, जरा फोड करून लिहा की," जुन्या मेट्रननं रिटायर होण्यापूर्वी दोनदा बजावलं होतं.

"कळतं सगळ्यांना."

कळत नव्हतं. नव्या नर्सनं एका सुताराचा रिकामा रकाना पाहून डॉक्टरांना 'ॲलर्जी नाही' असं सांगितलं. इंजेक्शन दिलं. तासाभरात माणूस गेला.

मौनीबाबाच्या कानावर हे आलं. दोन दिवस खपून त्यानं प्रोग्रामला बोलतं केलं. आता 'ॲलर्जी नाही' किंवा 'विचारलेलं नाही' असं स्वच्छ उमटू लागलं. आणि हे केलं कधी, तर चौकशीच्या आदल्या दिवशी. वरातीमागून घोडं!

चौकशी समितीनं सुताराचा नंबर टाकला. 'विचारलेलं नाही.'

"एवढं ढळढळीत लिहिलंय. डोळे कुठं होते तुमचे, बाई?" अध्यक्ष गरजले.

"त्या दिवशी नव्हतं हो! रिकामं होतं!"

"मग काय, अक्षरं चालत आली?"

नर्सची नोकरी आता एका वाक्यावर अडली होती, आणि ते वाक्य कोपऱ्यातल्या मौनीबाबाच्या तोंडात होतं. त्याच्या निवृत्तीला सात महिने उरलेले. "जन्मभर गप्प बसलात, आज नको ती वाचा फुटू देऊ नका," बायकोनं निघताना दटावलं होतं.

तो उठला. "ते शब्द मी दोन दिवस खपून काल घातले. आधी रकाना रिकामाच दिसायचा." जुना प्रोग्राम चालवून त्यानं तो रिकामा रकाना दाखवला.

नर्स सुटली. त्याला त्याच दिवशी घरी बसवलं.

जिन्यात ती भेटली. आभारबिभार काही नाही.

"काका, दोन दिवसांचंच काम होतं ना हे?"

"हो."

"त्या सुतारांची बायको खाली बसलीय. तिला सांगा."

तो खाली उतरला, सुताराच्या बायकोसमोर उभा राहिला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती एकदाच बोलली.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं हो त्यांनी. लहानपणापासून माहीत होतं त्यांना."