काळीज चिरून दाखवणारे डॉक्टर

कल्याणच्या गुरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून लागलो, त्या पहिल्या दिवशी पेंडसे डॉक्टरांनी नाव विचारायच्या आधी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त बरं आहे," म्हणाले, "काम करशील." मेंढ्या तपासून तपासून माणसंही तशीच पाहायची त्यांना सवय लागली होती. "आधी पापणी, मग जबडा, मालक शेवटी," असं ते नेहमी सांगत.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. माघात खडवलीहून बिरू धनगर आला. दिवाळीनंतर घाट उतरून त्याचा कळप नदीकाठच्या भातखाचरांत बसला होता. गाभण मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी साठत होतं. कोकरं अशक्त जन्मत, आईला दूध नसे, दोन दिवसांत मरत. कुणाची तरी नजर लागली, असं बिरूचं म्हणणं.

आम्ही त्याच्याबरोबर खडवलीला गेलो. डॉक्टरांनी नुकतीच मेलेली एक मेंढी तिथंच फाडली, काळीज, म्हणजे यकृत, चिरलं आणि दाबलं. कढीलिंबाच्या पानासारखे चपटे किडे बाहेर आले.

"ही तुमची नजर," ते म्हणाले. "ओल्या खाचरातल्या गोगलगायींमधून गवतावर येते. मेंढीनं खाल्लेलं आधी हे खातात. उरलं तर पिलाला."

औषध जहाल होतं. अशक्त गाभण मेंढीला ते सोसेल याची खात्री नाही, हे त्यांनी लपवलं नाही. बिरूची बायको ठकूबाई पुढे झाली.

"अशाबी मरत्यातच. द्या."

कळप माळावर हलवला, शेंगदाण्याची पेंड आणि वाळलं गवत सुरू केलं. आधी तीन दणकट मेंढ्यांना औषध पाजून डॉक्टर दोन दिवस खडवलीतच राहिले, मग बाकीच्यांना दिलं. त्यांतली एक, अगदी हडकलेली, पोटातल्या पिलासकट गेली.

"ठकूबाई, ही किड्यानं नाही गेली," डॉक्टर म्हणाले. "माझ्या औषधानं गेली." दवाखान्याच्या नोंदवहीतही मला तसंच लिहायला लावलं. बाकीच्या सुखरूप व्यायल्या. त्यांची कोकरं जन्मल्या जन्मल्या धडपडत आचळाला लागायची.

पुढे डॉक्टरांची बदली झाली आणि वर्षभरात ते गेल्याचं कळलं. नव्या डॉक्टरांनी ती नोंद वाचून विचारलं, स्वतःविरुद्ध असं कोण लिहून ठेवतं? मी म्हटलं, पेंडसे डॉक्टर. त्या हिवाळ्यात नव्या डॉक्टरांनी हडकलेल्या मेंढ्यांना आधी पंधरा दिवस पेंड चारली, औषध नंतर दिलं. औषधानं एकही मेंढी गेली नाही.