साडूंचा सिगार आणि माझा सूड

तमाम धाकट्या जावयांनो, सासरी मोठ्या जावयाची मिजास आपण अजून किती वर्षं सोसायची?

आज दुपारी ठाण्यात, खोपटला सासऱ्यांच्या गॅलरीत माझे साडू प्रमोदराव सिगार घेऊन बसले होते. परदेशी, हाताने वळलेला, एकुलता एक. याच माणसाने दिवाळीत सगळ्यांसमोर "तुला काय कळतंय यातलं" म्हणत माझ्या हातातला ग्लास काढून घेतला होता. मी ते विसरलेलो नाही.

"घ्या धाकटे जावई, न पेटवता वास घ्या आणि परीक्षण करा," मला म्हणत ते सासऱ्यांकडे बघून हसले. "ओलावा टिकावा म्हणून हवाबंद डब्यात जपलाय. असा सिगार अर्धा टाकला तर कारागिराचा अपमान!"

मी सिगार नाकाशी नेला. सुके बोंबील! डबा आधी कशाचा होता, ते मला लगेच कळलं.

मी डोळे मिटले. "अप्रतिम! थेट समुद्राची आठवण होते. पण पहिला मान मोठ्या जावयाचा."

त्यांनी पेटवला, तोंडभर धूर घेतला आणि चेहरा पार बदलला.

"थांबू नका! अर्धा टाकला तर कारागिराचा अपमान, तुम्हीच म्हणालात ना?"

सासऱ्यांसमोर माघार कशी घेणार? ओढत राहिले बिचारे.

तेवढ्यात आतून सासूबाई कडाडल्या, "अरे, आज संकष्टी ना? गॅलरीत बोंबील कोण भाजतंय?"

सासरे हसून हसून खोकायला लागले. दिवाळीची फेड झाली.

बंधूंनो, पुढच्या वेळी कुणी भारी वस्तू मिरवत तुमची अक्कल काढली, तर वाद घालू नका. तोंडभरून स्तुती करा आणि ती वस्तू त्यांनाच संपवायला लावा.