वाट पाहतोय, असं लिहिणारा

कंपनीच्या नव्या फोनच्या अनावरण सोहळ्याचं निमंत्रण मीच लिहितो. ते जाहीर होईपर्यंत तारीख घरीसुद्धा सांगायची नसते. पुण्याहून लेकीचा फोन आला, "बाबा, पुढच्या मंगळवारी माझ्या नाचाचा पहिला कार्यक्रम आहे. येताय ना?"

सोहळा त्याच दिवशी होता. "बघतो गं," मी म्हणालो.

"तुमचं बघतो माहितीये मला! तरी पुढची खुर्ची धरून ठेवते."

कारण न सांगताही 'नाही' म्हणता आलं असतं. मी नियमाआड लपलो.

गुरुवारी निमंत्रण जगभर गेलं. तासाभरात तिचा मेसेज आला, "तारीख वाचली. खुर्ची मामाला देते."

पुण्यापासून दूर, तारनाक्याच्या माझ्या रिकाम्या फ्लॅटमध्ये मी निमंत्रण पुन्हा उघडलं. शेवटची ओळ माझीच होती, 'नक्की या, आम्ही वाट पाहतोय.'