काडेपेटीतला चुंबक

जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना सुट्टीला मी एसटीने अमळनेरजवळच्या आमच्या गावी जायचे. जेवायला बसलं की आबा, म्हणजे माझे वडील, विचारायचे, "काय करस वं तू कॉम्प्युटरवर?" कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. कापूस वेचणीच्या दिवसांतही आबांनी मला कधी शेतात अडकवलं नाही. त्यांना एवढं तरी मला सांगता यावं, असं फार वाटे.

मी सांगायचे, तारेच्या वेटोळ्यातून चुंबक सरकला की वीज तयार होते. ती किती होईल ते आधी कॉम्प्युटरवर बघायचं. त्यासाठी चुंबक, तार आणि भोवतालची हवासुद्धा बारीक त्रिकोणांच्या जाळीत कापायची.

"हवा बी कापस का?" आबा आईकडे बघून हसायचे.

पुढे मला सांगता येत नसे, कारण माझं कामही तिथेच अडलं होतं. चुंबक जरा सरकला की त्याला जोडलेले हवेचे त्रिकोण ओढले जात, चेपत, आणि सॉफ्टवेअर बंद पडे. मग मी जाळी आणखी बारीक करायचे. शाळेत चुकलेलं उत्तर आणखी सुवाच्य अक्षरात लिहून काढायची सवय होती, त्यातलाच प्रकार.

प्रोजेक्टमध्ये माझ्या जोडीला जळगावच्या एका डॉक्टरांची मुलगी होती. थंडीत आमच्या मळ्यात भरीत पार्टी ठरली, तेव्हा मीच तिला बोलावलं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून आबांनी वांगी भाजायला लावली आणि तोच प्रश्न तिला टाकला. मी तोंड उघडायच्या आत तिने त्यांच्या हातातली काडेपेटी घेतली.

"आबा, चुंबक या आतल्या डबीत. त्याच्याजवळची हवाही डबीतच. तार आणि बाकीची हवा या बाहेरच्या खोक्यात. आम्ही दोन्हीकडची हवा एकत्र शिवून टाकली होती, म्हणून जाळी फाटायची. आता नुसती डबी सरकू द्यायची." तिने अंगठ्याने डबी पुढे ढकलली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, कालच जमलं. सोमवारी दाखवणारच होते तुला."

आबांनी डबी सरकवून बघितली, परत आत घेतली. "बठ्ठं समजनं मले! मंग तू इतला दिन काय सांगत व्हती वं?"

सगळे हसले. आईने तिच्या ताटात कळण्याची गरम भाकरी टाकली. त्या दिवशीच्या भरिताची चव मला आठवत नाही.

सोमवारी आमचा चुंबक न अडता सरकला. गुण दोघींना सारखेच मिळाले, पण माझं दुःख गुणांचं नव्हतंच. पुढे आबा पारावर काडेपेटी काढून कुणालाही समजावत, "पोरनी मैत्रीणनी दखाडं." पोरीचा उल्लेख त्यात मैत्रिणीच्या आधी येई, तेवढंच.

आता मी धुळ्याला विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात तेच काम करते. नव्या मुलांना समजावताना पेन आणि टोपण वापरते. त्यांना कळायला वेळ लागतो. काडेपेटीने लगेच कळेल, हे मला माहीत आहे.

मध्यंतरी आबा कारखाना बघायला आले. माझ्या स्क्रीनवर सरकणारा चुंबक बघून त्यांचा हात खिशाकडे गेला.

"आबा, इथे काडेपेटी चालत नाही," मी घाईने म्हटलं. तसा नियम आहेही.

त्यांनी हात काढून घेतला.

"तुन्ही ती मैत्रीण," ते म्हणाले, "आते कोठे शे?"